नांदेडवर एक तास घ्या

माझी पुतणी विदर्भातल्या एका कॉलेजात एमबीबीएस करते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 पासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं 'दत्तक' घ्यायला, म्हणजे घरी जाऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायला लावलंय. त्यावर तिची तक्रार अशी: "काका, बस उशिरा निघते, पोचतो तोवर माणसं शेतावर गेलेली. घरी सापडतात त्या आजींचं बीपी आम्ही इतक्यांदा घेतलंय, की आता आम्हाला बघून त्या दार लोटून घेतात." तिच्या वर्गाला हा वेळ नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी हवाय. दुसऱ्या बाजूचे प्राध्यापक खूश आहेत: 2019 पासून एटकॉम (डॉक्टरचं वागणं, नीतिमत्ता आणि संवाद यांचे धडे) आलं, मग कुटुंब दत्तक आलं, झालो आपण जगाच्या बरोबरीचे.

मला दोघांचंही पटत नाही. मी इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. इथे विद्यार्थ्यांना टीमवर्क शिकवायचं असतं तेव्हा मी व्याख्या सांगत बसत नाही, एक केस उघडतो.

एलेन ब्रोमिली, वय 37, दोन लहान मुलांची आई. मार्च 2005 मध्ये सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी ती दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा राहीना, ऑक्सिजन झपाट्याने खाली गेला. खोलीत दोन भूलतज्ज्ञ आणि एक कान-नाक-घसा सर्जन, तिघेही अनुभवी. तिघेही घशातून नळी घालायच्या खटपटीत अडकले, वीसेक मिनिटं. दरम्यान एका नर्सने ट्रेकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करण्याचा संच आणून ठेवला आणि तसं सांगितलं, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. दुसरीने आयसीयूत खाट ठरवली, पण डॉक्टरांच्या नजरेत 'हिला कसली घाई' असं दिसल्यावर तिने ती रद्द केली. एलेन तेरा दिवसांनी गेली.

तिचा नवरा मार्टिन वैमानिक. विमान पडलं की चौकशी होतेच, तशी इथेही होईल असं त्याने गृहीत धरलं होतं. होत नाही म्हटल्यावर त्याने ती मागितली, आणि कुणाला शिक्षा करा असं न म्हणता पुढच्यांना शिकवा म्हणाला. वर्गात हे सांगून झालं की मी विचारतो, त्या नर्सच्या जागी तुम्ही असता तर नेमकं कोणतं वाक्य बोलला असता? मुलं गप्प होतात. मग ते वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव करून घेतो. तासाला ऑपरेशन थिएटरची सिस्टर बरोबर असते आणि मुलांचं तीच जास्त ऐकते, माझं काम खुर्च्या लावण्याचं.

पुढे नोकरीत हाच धडा कागदावर येतो. नव्या डॉक्टरला किमान दहा सहकाऱ्यांचं मत मागवावं लागतं, त्यात नर्स असाव्याच लागतात. सिस्टरशी उर्मटपणे वागलात तर ते तुमच्या फाइलीत दिसतं. आपल्याकडे इंटर्नच्या लॉगबुकात सिस्टरचं मत कोण विचारतो? वॉर्डातले मामा आणि मावशी तर सोडाच.

आता नांदेड. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यांत 12 नवजात बाळं. कुणी औषधांचा तुटवडा म्हणालं, सरकारने तो नाकारला. कुणी बदल्यांमुळे कमी पडलेले कर्मचारी सांगितले, कुणी दुरून, अगदी शेवटच्या अवस्थेत आलेले रुग्ण. आणि एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. महाराष्ट्राने त्यानंतर काय चर्चिलं? अधिष्ठात्यांचा अपमान योग्य की अयोग्य. गुन्हेगार डॉक्टर की पुढारी, एवढंच ठरवायचं होतं. औषधाची मागणी कुठल्या टेबलावरून कुठे जाते, एका नर्सकडे रात्री किती बाळं असतात, रेफर करणारा आधी फोन करतो का, हे एमबीबीएसच्या मुलाला कळायला हवं. याहून चांगली केस कुठली मिळणार?

इंग्लंड सुखी आहे असं समजू नका. ब्रिस्टलमध्ये बालहृदयशस्त्रक्रियांत मुलं दगावली, त्यावर 2001 मध्ये जवळपास 200 शिफारशींचा अहवाल आला, आणि त्यानंतरच्या दशकातच मिड स्टॅफर्डशरच्या रुग्णालयात रुग्णांची हेळसांड झाली. आजही प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या वर, आणि टीमवर्कचे धडे गिरवलेले माझे विद्यार्थी कॉरिडॉरमधल्या ट्रॉलीवर रुग्ण तपासतात. शिकवल्याने खाटा वाढत नाहीत. फार तर, वाढत नाहीत हे डॉक्टर लपवत नाही.

आणि शिकवायला आपल्याला बाहेर बघायची गरजही नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळं जगवली. हे सगळं पीएसएमच्या (सामाजिक आरोग्याच्या) पेपरात पाच मार्कांची टीप म्हणून येतं. पुतणीच्या त्या गावातही आशाताई आहेत. माणसं शेतावर कधी जातात, कुठल्या घरातल्या सुनेला बीपी दाखवायला सासू सोडत नाही, त्यांना पाठ आहे. विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली द्या आणि निम्मे गुण त्यांना देऊ द्या.

नांदेडचा तास घ्यायचाच तर एकट्या प्राध्यापकाने घेऊ नये. मेट्रन हवी, औषध भांडारातला माणूस हवा, नवजात कक्षातली रात्रपाळीची सिस्टर हवी. त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून बोलवायचं, तर आधी कॉलेजच्या मानधनाच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना आहे का, ते कुणीतरी बघा.