‘दहा दिवसांत झाड बोडकं झालं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या ख्रिसमस ट्रीच्या शेताबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. रांगेत मुलं ताटकळली आणि आमच्या माणसाने ‘लवकर आटपा’ म्हटलं, याबद्दल मनापासून माफी मागतो. ते शब्द तोंडून जायला नको होते.

पण ‘शिळं झाड गळ्यात मारलं’ हे वाक्य मात्र जिव्हारी लागलं. इथे शिळं झाड नसतंच, कारण ते तुमच्यासमोर जमिनीतून कापलं जातं. तुमच्या मुलीने निवडलेल्या झाडाला लाल रिबीन बांधली, बाबांनी करवत चालवली, मग बुंध्याच्या टोकाची चकती कापून तिच्या हातात दिली. तिने तिच्यावरची वर्तुळं मोजली, नऊ भरली. चिकाने बोटं चिकटली तेव्हा खायचं तेल चोळून पुसून दिली. इतकं ताजं झाड दहा दिवसांत सुया का टाकेल? उत्तर तुमच्याच रिव्ह्यूत आहे: ‘तीन दिवस गॅरेजमध्ये ठेवलं आणि रविवारी उभं केलं.’

पाण्याच्या बादलीत ठेवलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोरडं ठेवलं असेल तर सगळं तिथेच बिघडलं. ताजा काप सहा-आठ तास चालतो. त्यानंतर तो सुकतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरते, वर चिकाचा थर बसतो. मग झाड उभं करायचा पाण्याचा स्टँड काठोकाठ भरला तरी झाड पाणी ओढत नाही. उपाय सोपा आहे. उभं करण्याआधी बुंध्याची एक-दीड सेंटीमीटरची चकती पुन्हा कापायची, सरळ आडवी, तिरकी नाही. बुंधा स्टँडमध्ये मावत नाही म्हणून साल तासायची नाही, कारण सर्वांत जास्त पाणी बाहेरच्या थरांतूनच चढतं. भोक पाडून, साखर किंवा अ‍ॅस्पिरिन घालून काही होत नाही, साधं पाणी पुरतं. तुमचा बुंधा दहा सेंटीमीटरचा होता, म्हणजे स्टँडमध्ये निदान चार लिटर मावायला हवं. पहिल्या दिवशी झाड तेवढं पिऊनही टाकतं, त्यामुळे संध्याकाळी पुन्हा बघावं लागतं. पाणी कापाच्या खाली गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. (फोटोत झाडाच्या मागे हीटर दिसतो. त्याबद्दल जास्त बोलत नाही.)

शिवाय तुम्ही नॉर्वे स्प्रूस या जातीचं झाड घेतलं. मुलीला तेच आवडलं, तिचा हट्ट आम्हीही ऐकला. पण उबदार घरात सुया टाकण्यात स्प्रूस सर्वांत पुढे. नॉर्डमन किंवा फ्रेझर या जातींचा फर पाणी मिळालं तर महिनाभर टिकतो. हे फाटकावरच्या फळ्यावर लिहिलंय. चार वर्षांच्या मुलाला फळा वाचता येत नाही, हे मान्य. म्हणूनच आम्ही पालकांना सांगतो की आधी तुम्ही दोन-तीन झाडं हेरा आणि त्यातलं एक मुलांना निवडू द्या. तीसमधलं एक निवडायला लावलं की रडारड ठरलेली. उंचीही तुम्हीच मोजा. उघड्या शेतात प्रत्येक झाड बुटकं दिसतं. छतापेक्षा फूटभर कमी घ्या, स्टँड आणि वरचा तारा त्यातच बसवायचा असतो.

करवत मुलाच्या हातात का दिली नाही, असंही तुम्ही विचारलंय. झाड कापाकडे कललं की पातं अडकतं, माणूस जोर लावतो आणि हात सटकतो. म्हणून एक मोठा माणूस कापतो, दुसरा झाड पलीकडे ढकलून धरतो. मुलांना रिबीन आणि चकती. यात बदल होणार नाही.

आणि वेळ. तुम्ही बंद व्हायच्या पंचवीस मिनिटं आधी आलात. झाड हलवून वाळलेल्या सुया झाडायच्या, मग फांद्या आवळण्यासाठी बुंध्याच्या बाजूने जाळीत ओढायचं, गाडीवर बुंधा पुढे करून बांधायचं, याला रांग नसतानाच वीस मिनिटं जातात. अंधारात आम्ही करवती बाहेर देत नाही.

ताई, एक झाड सात फूट व्हायला आठ-दहा वर्षं लागतात आणि विक्री होते चार आठवडे. त्या चार आठवड्यांत लोक आधी रिव्ह्यू वाचतात. ‘शिळं’ एवढा एक शब्द बदललात तर उपकार होतील. बाकी तक्रार राहू द्या.

फळ्यावरची अक्षरं मोठी करतोय, रांगेचंही काहीतरी बघतो. पुढच्या वेळी सकाळी या, मुलं झोपेला आलेली नसताना. हातमोजे आणा, स्प्रूस टोचतो.