पद्मिनी गाडीच्या मिसिंगवरून (इंजिन मध्येच झटके देतं ते) मिळालेल्या 1 स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की पॉइंट-प्लगचं काम केल्यावर गाडी आधीपेक्षा बेकार झाली, पारोळ्याहून तीन चकरा माराव्या लागल्या, आम्ही कार्बोरेटर पिळून पाठवून दिलं, शेवटी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दहा मिनिटांत नीट केली आणि जळगावच्या गॅरेजवाल्याने नकली माल लावून लुटलं. यातलं बरंचसं खरं आहे, लुटलं ते सोडून. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितो.

गाडी आली तेव्हा चालू होती, फक्त सकाळी स्टार्टिंगला त्रास द्यायची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताईंना माहेरी आणायचं होतं म्हणून तुम्ही म्हणाले सगळं नवीनच टाकून द्या, रस्त्यात झंझट नको. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं), कंडेन्सर, चार प्लग, डेल्कोची (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप आणि रोटर टाकला. जुना सामान पिशवीत बांधून तुमच्या डिकीत ठेवला, ती आमची पद्धतच आहे, आणि ती पिशवी लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

पहिली चकर पूर्ण आमच्या चुकीने. गॅरेजच्या पोराने पॉइंटचा गॅप फिलर (मापाची पट्टी) लावून 0.45 मिलिमीटर बरोबर ठेवला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पण मिळवलं, पण डेल्कोच्या कॅमला ग्रीसचं बोट लावायला विसरला. मग पॉइंटचं कॅमवर टेकणारं नवं फायबर कोरडंच घासत राहिलं आणि चार दिवसांत गॅप निम्म्यावर आला. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे टायमिंग आपोआप मागे जातं, गाडी ओढत नाही आणि गरम होते. ते मी स्वतः करून दिलं, एक रुपया घेतला नाही, हे रिव्ह्यूत यायला पाहिजे होतं पण ठीक आहे.

दुसऱ्या चकरेचं मात्र आमच्या डोक्यावर टाकू नका. तुम्ही इथून निघाले आणि वाटेत वॉशिंगवर बोनेट उघडून प्रेशरने इंजिन धुऊन घेतलं, बांभोरीच्या पुलाच्या अलीकडेच गाडी बंद. पोरगा मोटरसायकलवर आला, कॅप काढली तर आत पाणी, गळ्यातल्या रुमालाने पुसली, गाडी चालू. त्याला तुम्हीच चहा पाजला.

आता तिसरी. इथे माझी इज्जत जाते पण सांगतो. तुम्ही आले तेव्हा नाना पण सोबत होते, खिडकीतून मान काढून म्हणाले, "बोबडी व्हई गई रे भो." इतकं बरोबर निदान माझं पण नव्हतं. तुम्ही सांगत होते की एरंडोलपर्यंत मक्खन चालते, मग झटके, मग थांबून अर्धा तास सावलीत उभी केली की परत ठीक. मी गाडी घेतली, पाळधीपर्यंत नेली, परत आणली, काहीच नाही. बारा-तेरा किलोमीटरवर जाऊन परत फिरलो आणि तीस किलोमीटरवरचा रोग शोधत होतो! मग आयडलिंगला थोडी हलतेय असं वाटलं म्हणून कार्बोरेटरचा मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू फिरवला, गाडी जरा गुळगुळीत वाजली, तुम्हाला दिली. कार्बोरेटरला हात लावायचं कारणच नव्हतं. आधी नीट असलेली गाडी करंटचं काम झाल्यावर बिघडली, तर करंटमध्येच बघायला पाहिजे, हे मी पोरांना रोज सांगतो आणि त्या दिवशी स्वतः विसरलो.

पुरावा तर हातात होता. पॉइंट उघडून बघितले होते मी, पंधरा दिवसांचे नवे पॉइंट आणि तोंडावर राखाडी-काळा जळका डाग. पॉलिश पेपर मारला, फुंकर मारली, कॅप लावली. तिथेच थांबायला पाहिजे होतं, कारण पॉइंट इतक्यात जळतात म्हणजे पहिला संशय कंडेन्सरवर. पॉइंट उघडताना जी ठिणगी पॉइंटवरच उडायला बघते ती कंडेन्सर गिळतो, म्हणून कॉइलचा करंट एका झटक्यात तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. तो आतून कमजोर असला की थंड इंजिनावर चालून जातो, गरम झाला की सोडून देतो, ठिणगी पॉइंटवरच जळते आणि प्लगला मरतुकडी पिवळी राहते. वर आपल्याकडचं ऊन, आखाजीच्या दिवसांत बोनेटखाली काय भट्टी असते ते वेगळं सांगायला नको.

धुळ्याच्या बाबांनी डिकीतली पिशवी उघडून तुमचा जुनाच कंडेन्सर परत बसवला आणि मी फिरवलेला स्क्रू जागेवर आणला. मानलं त्यांना. माझा नमस्कार सांगा.

नकली मालाबद्दल एवढंच की कंडेन्सर पॅकबंद डब्यातला होता, पक्कं बिल आहे, कधीही येऊन बघा. पण कुर्ल्याला पद्मिनी बनणं बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली, आता डब्यावर काहीही छापलेलं असो, आतून काय निघेल सांगता येत नाही. म्हणून माझी खरी चूक ही की जुना कंडेन्सर चांगला असताना सेटमध्ये नवा आला म्हणून लावून टाकला. आता जुना चालत असेल तर आम्ही काढत नाही, आणि नवा लावलाच तर गाडी निदान एरंडोलपर्यंत पळवून, तापवून मगच देतो, डिझेल-पेट्रोल कितीही महाग होवो.

कंडेन्सरचे आणि पॉइंटचे पैसे परत देतो. जळके पॉइंट अजून तेच असतील तर दुसरे टाकून टायमिंग लाइटवर मिळवून देतो, मजुरी नाही. सोमवारी बंद असतं, बाकी कधीही या, फक्त सकाळी या म्हणजे तापवून बघायला दिवस मिळेल. जुना कंडेन्सर आहे तिथेच राहू द्या, कोणी कितीही म्हटलं तरी काढू देऊ नका. आणि नानांना सोबत आणा, गाडी त्यांनाच आधी ऐकवायची आहे.