खेळ, खेळणं आणि खोटी खोटी दाढी

"मुलांसाठी का?" साहेबांनी विचारलं आणि माझ्यामागच्या रांगेतल्या दहा-अकरा जणांचे कान टवकारले. माझं वय 43. "नाही, माझ्यासाठी," मी शक्य तितक्या हळू म्हणाले. साहेबांना ऐकू कमी येत असावं. "कोणासाठी?" "माझ्यासाठी!" रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. कोण ते मला पक्कं माहीत आहे. निळा शर्ट.

झालं होतं इतकंच, की परदेशातून मागवलेला बोर्ड गेम कस्टम्समध्ये अडकला होता. एक पट, दोनशे पत्ते, आठ फासे, नियमांची पुस्तिका आणि प्लास्टिकचे 36 राक्षस. विकणाऱ्याने कागदावर एचएस कोड, म्हणजे कुठली वस्तू कशात मोडते ते कस्टम्सला सांगणारा आकडा, घातला होता 9504. साहेबांचं म्हणणं, 9503. चारवाला कोड खेळांचा, तीनवाला खेळण्यांचा. खेळ आणि खेळणं, मध्ये फरक काय तो एका 'णं'चा. पण त्या 'णं'पायी माझी ड्यूटी टम्म फुगत होती.

हे कोड 1988 पासून जगभर चालतात. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे ज्याच्या-त्याच्या मर्जीचे. जगात जे जे म्हणून विकलं जातं ते सगळं 97 प्रकरणांत कोंबलेलं आहे आणि तरी त्यातलं 77वं प्रकरण रिकामं आहे, पुढेमागे लागलं तर असावं म्हणून! एवढी दूरदृष्टी असलेल्या लोकांना खेळ आणि खेळणं यांतला फरक सांगायला मला दोन तास उभं राहावं लागलं.

साहेबांनी एक शिंगवाला राक्षस उचलला, उलटा केला, बुडाशी काय आहे ते पाहिलं. "ही बाहुलीच की."

"बाहुली माणसाची असते साहेब. याला शिंगं आहेत."

हे मी उगाच बोलले नव्हते. अमेरिकेत यावर चक्क खटला झालाय. तेव्हा तिथे बाहुलीला ड्यूटी जास्त आणि इतर खेळण्यांना कमी होती. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिमा. तर एक्स-मेन या कॉमिक्समधल्या अचाट शक्तीच्या मंडळींच्या पुतळ्या आणणाऱ्या कंपनीने कोर्टात सांगितलं, की आमची ही मंडळी माणसं नाहीतच. 2003 साली कोर्टाने ते मान्य केलं. पुढे 2007 मध्ये बाहुल्यांची वेगळी नोंदच काढून ती 9503 मध्ये मिसळून टाकली. म्हणजे आता शिंगं असोत नाहीतर नसोत, काही फरक पडत नाही. हे मला घरी आल्यावर कळलं. तिथे मी शिंगांवर वीस मिनिटं घालवली.

"बरं, खेळतात कसं?" साहेबांनी पट उलगडला.

"सगळ्यांनी मिळून राक्षसांशी लढायचं."

"राक्षसांकडून कोण खेळतं?"

"कोणीच नाही. त्यांनी काय करायचं ते पत्त्यांवर लिहिलेलं असतं."

"मग जिंकतं कोण?"

"जिंकलो तर सगळे. हरलो तर सगळे."

साहेब विचारात पडले. "हरणारा वेगळा नाही, तर मग खेळ कसला?"

"ऑफिस झालं की हे!" मागून आवाज आला.

हे दाढीवाले काका. म्हणजे त्यांना स्वतःला दाढी नव्हती, त्यांच्या खोक्यात होत्या, बारा. नाटकासाठी मागवलेल्या, प्रत्येक केस हाताने जाळीत ओवलेला. ते तिसऱ्यांदा आले होते. त्यांचं दुखणं माझ्याहून जुनं. नीट बनवलेली खोटी दाढी 6704 मध्ये, विगांच्या शेजारी. पण सोंगाढोंगाची, गमतीची दाढी 9505 मध्ये, मुखवटे आणि खोट्या नाकांबरोबर.

"म्हणजे माझी खोटी दाढी खरी आहे," काकांनी मला समजावलं, "आणि हे म्हणतात ती खोटी खोटी आहे."

"सिद्ध करा," साहेब म्हणाले.

काकांनी खोकं उघडलं, करडी दाढी काढली आणि तिथेच, भर रांगेत, हनुवटीला चिकटवली. "ओढा," ते म्हणाले. साहेबांनी खरोखर ओढली. हनुवटीसकट काका अर्धा हात पुढे आले, दाढी जागची हलली नाही. सगळं काउंटर स्तब्ध. "6704," साहेब पुटपुटले आणि शिक्का मारला.

मला वाटलं, साहेबांचा मूड आहे, आपलंही होऊन जाईल. कोणती वस्तू कोणत्या कोडात घालायची याचे नियम ठरलेले आहेत. त्यातला पहिला मी पुढे केला. नोंदीत जे शब्द आहेत ते आधी बघायचे, आणि 9504 मध्ये टेबलावर खेळायच्या खेळांचा सरळ उल्लेख आहे. साहेब पहिल्यावर थांबायला तयार नव्हते. ते थेट तिसऱ्यावर गेले: मिश्र वस्तू असेल तर तिचं मूळ स्वरूप ज्या भागामुळे आहे तो भाग धरायचा. त्यांनी काटा मागवला. पट, पत्ते, फासे, राक्षस, सगळं वेगवेगळं तोललं. राक्षस जड भरले. "मूळ स्वरूप, राक्षस," ते म्हणाले. वस्तू वापरायची कशी हेही त्यात बघायचं असतं आणि राक्षस एकटे घेऊन कोणी काही खेळू शकत नाही, हे मी बोलेपर्यंत काटा आत गेला होता. याच नियमाचं शेवटचं कलम सांगतं, की कशानेच निकाल लागला नाही तर लायक नोंदींतली शेवटची धरा. तीनच्या नंतर चार येतात. तेही मी सांगितलं. साहेब म्हणाले, "निकाल लागलाय ना पण."

अपील करता येतं. फॉर्म दिला त्यांनी. तो भरायला लागणारा वेळ, खेटे आणि झेरॉक्स धरले तर मी तो खेळ दुसऱ्यांदा मागवू शकते, आणि हे त्यांनाही माहीत आहे. राग त्याचाच येतो. ड्यूटीचं मेलं एवढं नाही.

पैसे भरले. पावतीवर वर्णन: "खेळणी, प्लास्टिक, राक्षस, 36 नग." पट, पत्ते, फासे, काहीच नाही. काका दाढी काढायची विसरून तशीच लावून निघाले.

माझं काम संपलं होतं. निळा शर्ट पुढे सरकला आणि त्याने काउंटरवर एक लांबट खोकं ठेवलं. मी पिशवीच्या बंदांची गाठ सोडली आणि सावकाश, फार सावकाश, पुन्हा बांधायला घेतली.

"मुलांसाठी का?" साहेबांनी विचारलं.