‘एक अभ्यासक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : रामदास बोट, आजी आणि ती चावी

सप्रेम नमस्कार.

१९४७ साली मुंबईजवळ बुडालेल्या ‘रामदास’ या प्रवासी बोटीवरच्या माझ्या लेखाखाली आपण ‘एक अभ्यासक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तर त्याच रात्री देणार होतो, पण शब्द कडक गेले असते म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की बोट बुडाली त्या दिवशी, १७ जुलै १९४७ ला, गुरुवार होता आणि मी शुक्रवार लिहिला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, तेव्हा त्या दिवशीच्या अमावस्येला गटारी म्हणता येईल का, हा प्रश्नच आहे. प्रवासी एका अंगाला धावले म्हणून बोट कलंडली, हे मी कागद न तपासता लिहिलं आणि त्यामुळे बुडालेल्यांच्याच माथी दोष जातो. आणि शेवटी हे वाक्य : ‘आजीच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे, असलं पदर ओला करणारं लेखन कोकणात पोत्याने पडलंय, निदान त्या चावीचा फोटो तरी टाकायचा.’

गुरुवारचं मान्य. चूक ती चूक, मूळ लेखात दुरुस्त केली आहे. त्याबद्दल आभार.

आता ते वाक्य. ‘पोत्याने’ हा शब्द आपण कुठून काढलात? मुंबईहून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली बोट तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ उलटते, सहाशेहून अधिक माणसं जातात, आणि त्या माणसांच्या गावांमध्ये कोण कसं परत आलं, कोण आलंच नाही, हे लिहिलेली किती पानं आपल्याला माहीत आहेत? पोतं जाऊ द्या, ओंजळभर तरी दाखवा. मी गेली तीसेक वर्षं शोधतोय. रेवस, बोडणी, सासवणे, किहीम, थळ, या पट्ट्यात घराघरांतून फिरलोय. हाताला लागतं ते सगळं तोंडी आहे. लिहिलेलं फार थोडं.

आणि ते तोंडी का राहिलं, याचा विचार आपल्यासारख्या अभ्यासकाने करायला हवा होता. बोट बुडाली १७ जुलैला. दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्याला इंग्लंडच्या राजाची मंजुरी मिळाली. पंधरा ऑगस्टला महिनाही उरला नव्हता. फाळणीची रेघ कुठून जाणार याकडे सगळा देश डोळे लावून बसला होता. त्या गर्दीत भाऊच्या धक्क्यावरून घरी निघालेल्या आगरी-कोळ्यांच्या मरणाला किती दिवस जागा मिळणार? बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला काही कळायच्या आधी मासळी घेऊन निघालेल्या होड्या तिथे पोचल्या होत्या, आणि माणसं घ्यायला जागा व्हावी म्हणून कोळ्यांनी मासळी समुद्रात ओतली, असं आमच्याकडे आजही सांगतात. किती टोपल्या ओतल्या याची पावती कुणी फाडली नाही. म्हणून ते घडलंच नाही म्हणायचं का?

माझ्या आजीबद्दल बोलतो, कारण आपण तिच्यावरच घसरलात. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे वडील माझगावला गोदीत कामाला होते, गावच्याच सात-आठ जणांबरोबर एका खोलीत राहायचे. ते त्या बोटीवर होते. पुढे किहीमच्या किनाऱ्यावर लागलेल्या प्रेतांमध्ये आजीच्या चुलत्याने त्यांना ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओळख पटली ती कमरेच्या करदोट्यावरून, त्याला मुंबईच्या खोलीतल्या पेटीची चावी बांधलेली होती. भिजलेल्या दोऱ्याची गाठ सुटेना, तेव्हा चुलत्याने दोरा कोयतीने कापला. चावीच्या भोकात तो काळा दोरा अजून आहे. मीठ खाऊन काडीसारखा कडक झालाय, बोटाने दाबला तर वाकत नाही. पेटी मात्र मिळाली नाही. खोलीतली माणसं पांगली, खोली दुसऱ्याकडे गेली. आजी एवढंच म्हणायची, ‘चावी हाय, पेटी नाय.’

हे मी तिच्याकडून १९८६ पासून ऐकत आणि वहीत उतरवत आलो. दरवेळी तारीख टाकून. प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं असं ती कधी सांगायची, कधी पाचव्या. दोन्ही वहीत आहे, लपवलेलं नाही. एवढी एक गोष्ट सोडली तर वीस वर्षांत तिच्या सांगण्यात फरक पडला नाही.

आता आपल्या अधिक श्रावणाकडे येतो. हा मुद्दा आपण माझ्यावर फेकलात खरा, पण तो कुणाच्या बाजूने पडतो ते बघा. आजी म्हणायची, बोट बुडाल्यावर त्यांच्या आळीने नारळी पौर्णिमेपर्यंत मासळी घरात आणली नाही. ज्या पाण्यात आपली माणसं गेली त्या पाण्यातलं खायचं कसं? आणि पुढे म्हणायची, त्या साली नारळी पुनव येता येईना. हे मी तिचं दुःखाचं बोलणं समजत होतो. दुःखात दिवस मोठा होतो, तसं. लेखात घेतलंसुद्धा नाही. आपली प्रतिक्रिया वाचून पंचांग पाहिलं. खरंच त्या अमावस्येनंतर लगेच अधिक महिना लागला होता, आणि नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या अखेरीस गेली होती. सहा आठवड्यांहून जास्त! बाई अक्षरशः जे झालं ते सांगत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पंचांग तिने कधी हातात धरलं नाही, आणि तरी आपण जो मुद्दा पंचांगातून काढलात तो तिच्याजवळ होता. मीच तो ऐकूनही कानाआड केला. याला आपण काय म्हणाल? पदर ओला करणं?

तुम्ही कदाचित मुंबईत एखाद्या ग्रंथालयात पंख्याखाली बसून हे लिहिलं असेल. तिथे बसणं वाईट नाही, मीही बसलोय. पण माझं बालपण सासवण्याच्या बाजूला गेलं, रेवसच्या लाँचने मी शेकडो वेळा गेलो-आलो. काशाच्या खडकाच्या दिशेला लाँच आली की आजी बोलणं थांबवायची आणि लाकडी बाकाची कड धरून बसायची. हवा कितीही शांत असली तरी. तो हात मी पाहिलाय. तुम्ही पाहिलेला नाही. त्यामुळे ‘इतिहास नव्हे’ हा निकाल देण्याआधी निदान विचारायचं होतं, की कुणाला विचारलंत, कधी विचारलंत, कसं लिहून घेतलंत. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. थेट निकाल दिलात, आणि तोही नाव न सांगता.

राहिलेले मुद्दे. त्या अमावस्येला गटारी म्हणायचं की नाही, ते जाणकारांनी ठरवावं. आमच्याकडे म्हणतात, मी तेच लिहिलं. प्रवासी एका अंगाला गेल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. त्यात दोष देण्याचा हेतू नव्हता, आणि तुम्ही सोडून एकाही वाचकाला तसं वाटलेलं नाही. चौकशीच्या कागदांबद्दल पुन्हा कधी सवडीने लिहीन, इथे तो विषय नाही.

आणि फोटो. चावीचा फोटो मी टाकणार नाही. ती आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असते, आई रोज तिथे दिवा लावते. ती पाहायची असेल तर पावसाळा सोडून कधीही या, चहा घेऊ, वह्याही समोर ठेवीन. फक्त येताना नाव सांगून या.