ऑफसेट, ओळंबा आणि मागच्या सीटवरचे मामा

माझ्या गाडीची चाकं आत गेलेली होती. म्हणजे पोलिसांनी नेली नव्हती, जागेवरच होती, पण मडगार्डच्या कडेपासून चांगली बोटभर आत. सहा वर्षं मला हे दिसलंच नाही. मग आमच्या पार्किंगमध्ये नवीन भाडेकरूची गाडी आली, तिची चाकं कशी अगदी फेंडरच्या, म्हणजे मडगार्डच्या, रेषेत, आणि त्या दिवसापासून माझी गाडी मला कवळी काढून ठेवलेल्या आजोबांसारखी दिसायला लागली.

चाकं अशी रेषेत बसवण्याला फ्लश फिट म्हणतात. नाना पेठेतल्या एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त डिझाईन बघा हो, सगळ्यांना सगळं बसतं." लग्न जमवणारेही हेच सांगतात. म्हटलं आपणच हिशोब करू.

जुन्या चाकाच्या मागे कोरलेलं होतं: ६जे × १५, ईटी ४०. पंधरा म्हणजे व्यास, सहा म्हणजे रुंदी, दोन्ही इंचात, 'जे' हे अक्षर म्हणजे रिमच्या कडेचा आकार, त्याच्याशी आपलं काही वाकडं नाही. खरी मेख ईटीत. चाक हबला (गाडीच्या ज्या भागावर ते बोल्टने आवळतात त्याला) जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, तो हा आकडा, म्हणजेच ऑफसेट. आणि तो चालतो उलटा, आकडा कमी केला की चाक बाहेर येतं. मेरिट लिस्टसारखं, नंबर जितका लहान तितका पोरगा पुढे. हे डोक्यात शिरायला मला दोन रविवार लागले.

रुंदीचं आणखी वेगळं. सहाचं सात केलं तर २५.४ मिमी वाढतात पण सगळे बाहेर येत नाहीत, वडिलोपार्जित जमिनीसारखी निम्मी-निम्मी वाटणी होते, १२.७ आत नि १२.७ बाहेर. वर ईटी ४० चा ३५ केला की अख्खं चाकच ५ मिमी बाहेर सरकतं. म्हणजे बाहेर १७.७ वाढले आणि आत शॉकअपच्या बाजूला फक्त ७.७.

आता जागा किती आहे ते मोजायचं कसं? वरच्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि फेंडरच्या कडेला लावून धरला. गवंडी मागोमाग बघायला आला, म्हणाला, "भिंत कुठंय?" बायको गॅलरीतून सगळं बघत होती, काही बोलली नाही, जे जास्त वाईट.

ओळंब्यापासून रिमच्या कडेपर्यंत २० मिमी भरले. वीसातून १७.७ गेले, उरले २.३. अहाहा! दहावीला गणितात काठावर सुटलेल्या माणसाचं हे उत्तर होतं, मी ते बायकोला, आईला आणि दूधवाल्याला सांगितलं. सात इंची, ईटी ३५, वर १९५ मिमी रुंदीचे टायर, नव्या चाकांचं मधलं भोक हबपेक्षा मोठं म्हणून ती फट भरायला हब रिंगा. (त्या विसरू नका, नाहीतर वेग वाढला की स्टिअरिंगला कापरं भरतं.) गाडी काय दिसायला लागली! पार्क करून लिफ्टपर्यंत जाताना मी तीनदा वळून बघायचो.

मे महिन्यात चिपळूणहून मामांना आणायला गेलो. मागे मामा, आई, डिकीत आंब्याच्या चार पेट्या आणि दोन फणस. कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि पहिल्याच वळणाला खर्रर्र.

मामा म्हणाले, "अरे, मागे कुणीतरी नारळ खवतंय."

तेव्हा उजेड पडला. ओळंबा लावला तेव्हा गाडी रिकामी होती! वजनाने मागची बाजू बसली आणि टायरचा खांदा थेट फेंडरच्या आतल्या पट्टीला भिडला. डावं वळण आलं की उजवं चाक घासायचं, उजवं आलं की डावं. शेवटी फणस बायकोच्या पायाशी गेले आणि मी प्रत्येक वळणाआधी ओरडायला लागलो, "मामा, डावीकडे सरका! आता उजवीकडे!" पंच्याहत्तरीचा माणूस पाटणपर्यंत होडीत बसल्यासारखा इकडून तिकडे सरकत होता आणि प्रत्येक वेळी आई मध्ये चेपली जात होती.

पुण्यात आल्यावर पट्टी हीटगनने तापवून आतल्या बाजूला दुमडून घेतली. आता घासत नाही, असं माझं म्हणणं आहे. आठ दिवसांनी मामा परत निघाले, स्वारगेटला सोडायला मी किल्ली उचलली तर म्हणाले, "तू राहू दे, रिक्षा बघ."