नाश्ता न करणारा माणूस आळशी नसतो

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: 'नाश्ता टाळणारे लोक आळशी असतात. नाश्ता चुकला की चयापचय मंदावतो, वजन वाढतं, हृदयविकार जडतो. रोज नाश्ता करा, सगळं ठीक होईल.' यातलं पहिलंच वाक्य मला सर्वांत जास्त लागलं.

माझी धाकटी बहीण रात्रपाळी करते. सकाळी आठला घरी येते, चपला काढते, तांब्याभर पाणी पिते आणि आडवी होते. पहिला घास दुपारी दोनला. ही आळशी? मोठ्या माणसांचा नाश्ता चुकण्यामागे अपुरी झोप, रात्रीचं उशिरा जेवण, पाळ्यांचं काम, एकटं राहणं, पैशांची ओढाताण, धूम्रपान अशा गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. शिवाय शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. 2013 साली 12 निरोगी लोकांवरच्या प्रयोगात, खाण्या-झोपण्याच्या वेळांचा परिणाम बाजूला काढल्यावरही, भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली. सकाळी घास उतरत नाही असं कुणी म्हणालं तर ती सबब समजू नका.

चयापचयाचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या प्रयोगात सडपातळ लोक 6 आठवडे दुपारपर्यंत उपाशी राहिले, तरी विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ती घटली नाही. त्यांची हालचाल मात्र कमी झाली, हेही सांगितलं पाहिजे.

वजनाचा दावा तर चाचण्यांत टिकतच नाही. 2014 साली वजन जास्त असलेल्या 309 जणांवर 16 आठवड्यांची चाचणी झाली. नाश्ता करा किंवा करू नका, या सल्ल्याने वजनात फरक पडला नाही.

हृदयाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धवट. अमेरिकेत 26,902 पुरुषांची 16 वर्षं नोंद ठेवली गेली. नाश्ता न करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका 27 टक्के जास्त निघाला. हेच लोक धूम्रपान जास्त करत होते, व्यायाम कमी, मद्यपान जास्त. संशोधकांनी या गोष्टींचा हिशेब केला होता आणि तरीही फरक उरला, म्हणून धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. पण अशा निरीक्षणातून दोन गोष्टी एकत्र दिसतात. एकीमुळेच दुसरी झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं चुकवू नये. रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

राहिलं 'सगळं ठीक होईल'. हा मजकूर बहिणीलाही कुणीतरी पाठवला. तिने मला विचारलं, "ताई, दहाचा गजर लावून उठू का खायला?" मी म्हटलं, "नको गं, झोप तू."