धार्मिक अनुभव सगळे सारखेच?

‘धर्म कुठलाही घ्या, धार्मिक अनुभव आतून एकच असतो. तो म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा खेळ. ज्याला आला त्याच्यापुरता खरा.’ हे हल्ली फार ऐकू येतं. यात तीन दावे आहेत आणि मला तिन्ही पटत नाहीत.

‘एकच’ म्हणणाऱ्यांनी गीतेचा अकरावा अध्याय उघडावा. विश्वरूप पाहून अर्जुनाच्या अंगावर काटा येतो. पाहिलं म्हणून तो हर्षतो, भयाने व्याकूळही होतो, आणि हात जोडून विनवतो की देवा, तुझं आधीचं रूपच दाखव. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रूडॉल्फ ऑटोने 1917 साली थरकाप आणि ओढ एकत्र असलेला जो अनुभव वर्णिला, तो हाच. आता शेजारी अद्वैताचा अनुभव ठेवा. तिथे समोर कोणी उरतच नाही, मग थरकाप कुणाचा? भय दुसऱ्यापासूनच येतं, असं बृहदारण्यक उपनिषद सांगतं. आणखी कुणाला नेहमीच्याच सूर्यास्तात ईश्वर जाणवतो, कुणाला स्वप्नात, कुणाला काहीही न दिसता, न ऐकू येता. ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्नने धार्मिक अनुभवाचे असे पाच प्रकार पाडले. गूढानुभवाचा, म्हणजे सगळ्याशी एकरूप झाल्याच्या अनुभवाचा, गाभा सगळीकडे एक आहे, हे हिरिरीने मांडणारा तत्त्वज्ञ वॉल्टर स्टेससुद्धा दर्शनं आणि आकाशवाणी त्या गाभ्याबाहेर ठेवतो. माझ्या मते इथेच पहिला दावा कोसळतो.

रसायनांचं म्हणाल, तर 1962 मध्ये बॉस्टनला धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. सायलोसायबिन हे भास घडवणारं औषध मिळालेल्या बहुतेकांना गूढानुभवासारखं काहीतरी आलं. म्हणजे औषधाने असा अनुभव येऊ शकतो. त्यामुळे त्या प्रसंगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे, हे मी मान्य करतो. पण तेवढ्यावरून प्रत्येक अनुभव खोटा ठरत नाही. गणित सोडवतानाही मेंदूत काहीतरी घडतंच, म्हणून उत्तर चुकत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1902 मध्येच बजावलं होतं की शरीरातून उपजलं म्हणून खोटं, हा नियम लावायचा तर नास्तिकाच्या मतालाही लावा.

राहिलं ‘त्याच्यापुरतं खरं’. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री फ्रेंच गणितज्ञ पास्कलला जे जाणवलं, ते त्याने लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर ते सापडलं. त्यात ‘अग्नी’ हा शब्द आहे, आणि पुढे अब्राहमचा, इसहाकचा, याकोबाचा देव, तत्त्ववेत्त्यांचा नव्हे, असं आहे. मला फार शांत वाटलं, एवढंच सांगून तो थांबलेला नाही. देव कोण आहे, याबद्दल तो बोलतोय. ते बरोबर असेल किंवा चूक, पण त्याच्यापुरतं बरोबर कसं असेल?